उत्तरेकडे तोंड

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो मायच्या खोकल्याने, कोंबडा त्यानंतर. आधी चुलीशी काटक्या मोडल्याचा आवाज, मग फुंकणीची फूं-फूं, मग धूर, आणि मग तो खोकला, कोरडा, एकामागून एक, आणि त्याच्या शेवटी छातीतून येणारी बारीक शिट्टी. ही शिट्टी मी जन्मापासून ऐकत आले होते, त्यामुळे सगळ्यांच्या आया अशाच वाजतात असं मला वाटायचं. एकदा मामाच्या गावी राहायला गेले तेव्हा सकाळी जाग आली, मामी चुलीपुढे बसलेली, आणि आवाज काहीच नाही. मी मामीला विचारलं होतं, "मामी, तुमी वाजत न्हाई का?" मामी पुष्कळ हसली. ती हसली म्हणून मीही हसले.

आमचं गाव वारंगा फाट्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. फाट्यावरचे ट्रकांचे हॉर्न दिवसभर घरात ऐकू यायचे. भीमनगरच्या टोकाला आमचं दोन खणांचं घर होतं, दादांनी म्हणजे माझ्या वडिलांनी स्वतःच्या हाताने बांधलेलं. दादा गवंडी होते. फाट्यावरची निम्मी दुकानं त्यांच्या हातची, आणि त्यांना एकच गर्व होता: आपण बांधलेलं कधी पाडावं लागलं नाही. भिंतीला ओळंबा लावून झाला की ते मागे सरायचे, मान वाकडी करून बघायचे आणि "बराबर" म्हणायचे. त्या एका शब्दावर त्यांचा दिवस चांगला जायचा. घरात आम्ही तिघंच. माझ्या आधीची दोन लेकरं राहिली नव्हती, आणि त्याविषयी आमच्याकडे कोणी बोलत नसे.

सैपाकघराला खिडकी होती. गवंड्याच्या घराला खिडकी नसेल असं कसं होईल. पण हिवाळ्यात ती उघडी ठेवली की गारठ्याने मायला दम लागायचा, आणि बंद केली की धूर आतल्या आत फिरायचा. जळण म्हणजे कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या आणि गोवऱ्या. तुराट्या भडकन पेटून भडकन विझायच्या, मग पुन्हा फुंकणी. भाकरीचं एवढं नव्हतं. भाकरी भरभर होतात, आणि कळायला लागल्यापासून भाकऱ्या मीच थापायची. खरा छळ डाळीचा. आमच्या बोअरचं पाणी जड, तुरीची डाळ त्यात तासन्‌तास खदखदत राहायची आणि माय तिच्यासमोर डोळ्यांना पदर लावून बसून असायची. खोकून खोकून ती थकायची, त्यामुळे बोलायची फार कमी. हाक मारायची तर नुसती टाळी वाजवायची. एक टाळी म्हणजे मी, दोन टाळ्या म्हणजे दादा.

कळमनुरीला एक डॉक्टर होते. त्यांनी मायच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि दादांना बाहेर बोलावलं. "बाईंना चुलीपासून लांब ठेवा. छाती धुराने भरलीय. असंच चाललं तर पुढे मला काही करता येणार नाही." दादांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "लांब म्हंजे किती हात, डॉक्टरसाहेब?" मला तेव्हा दादांची लाज वाटली. आता वाटत नाही. त्यांना मोजता येईल असं काहीतरी हवं होतं. हात सांगितले असते तर त्यांनी तेवढे हात मोजून दुसऱ्या दिवशी भिंत घातली असती.

फाट्यावर एका साहेबाच्या बंगल्याची कंपाउंड वॉल बांधताना त्यांनी गच्चीत एक पेटी पाहिली. वर काच, झाकणाला आतून आरसा, आणि आत काळ्या डब्यात साहेबीणबाईंचा भात रटरटतोय, ना जाळ, ना धूर. सूर्यचूल. दादा जेवणाच्या सुट्टीत तिच्याभोवती फिरले, वितीने मापं घेतली आणि सरळ हमीदचाचांच्या दुकानात गेले. हमीदचाचा फाट्यावर पत्र्याच्या बादल्या आणि डबे करायचे. दादांचं आणि त्यांचं लहानपणापासूनचं. त्यांनी आतला पत्र्याचा ट्रे करून दिला आणि म्हणाले, "लाकूड तुझं, पत्रा माझा. भाभीची तकलीफ गेली की मला वरण खायाला बोलव." खोक्याच्या फळ्यांची पेटी झाली, दोन भिंतींमध्ये लाकडाचा भुसा ठासून भरला, ट्रेला काळा रंग दिला, वर अंतर ठेवून दोन काचा. आरशाची तेवढी अडचण होती. मायने आपल्या लग्नातला आरसा भिंतीवरून काढून दादांच्या हातात दिला. "ह्यो घ्या. मला बघून काय करायचंय आता, डाळीलाच बघू द्या तोंड." ती अशी गंमत करू शकते हेच मला माहीत नव्हतं.

चैत्र संपत आला होता. पहिल्या दिवशी डाळ, पाणी, हळद-मीठ घालून डबा आत ठेवला आणि आम्ही तिघं सावलीत बसून पेटीकडे बघत राहिलो. शेजारपाजारचे लोक येऊन पेटीला हात लावून जात होते. ऊन असं डोक्यावर होतं की पायाखाली सावलीसुद्धा सापडत नव्हती. दुपारी काच उघडली तर वाफेचा लोटच्या लोट वर आला, डाळ मेणासारखी मऊ. माय खाली बसली आणि हसायलाच लागली, आणि हसताना खोकला आला नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात वरण, खिचडी, वांगी, रताळी, अंडी, सगळं त्या पेटीत झालं. हमीदचाचा वरण खायला आले आणि दोन वाट्या जास्त प्यायले. भाकऱ्या मी अंगणात कोपऱ्यात तीन दगडांवर करायची आणि माय तोवर लांब, लिंबाखाली.

मला त्या उन्हाळ्याचं खरं वेड आहे ते डाळीसाठी नव्हे. धूर गेला तशी महिनाभरात मायच्या छातीतली शिट्टी कमी झाली, आणि दम वाचला तशी माय बोलायला लागली. इतकी बोलायला लागली की मी चकितच झाले. तिला नकला यायच्या. आमच्या गल्लीपलीकडच्या गिरजाकाकू लुगडं सावरत कशा बोलतात, डॉक्टर नळी लावताना भुवया कशा उडवतात, दादा ओळंबा धरून "बराबर" कसं म्हणतात. दादा चिडल्यासारखं करायचे आणि पुन्हा करायला लावायचे. तिच्या लहानपणी ती जवळा बाजारच्या आठवडी बाजारात आजोबांबरोबर बांगड्या बघायला जायची, एकदा हरवली, आणि एका मन्याराच्या बायकोने तिला दिवसभर सांभाळून हातभर बांगड्या भरल्या, ही गोष्ट मी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा ऐकली. तोवर माझी आई म्हणजे टाळी वाजवणारी बाई होती. त्या एका उन्हाळ्यात मला आई मिळाली, असं मी म्हटलं तर ते वाढवून सांगणं होणार नाही.

पावसाळ्यात पेटी घरात गेली, आणि पावसाळा सरता सरता पुन्हा अंगणात आली. आता ऊन डोक्यावरून उतरलं होतं, तरी माय तिला उन्हाबरोबर फिरवायची. सकाळी तोंड उगवतीला, मग हळूहळू दक्षिणेला, मग मावळतीला. तिला कोणी शिकवलं नव्हतं. झाकणाच्या आरशातली तिरीप काचेवर पडते का एवढंच ती बघायची. वेळ जास्त लागायचा, पण दिवाळीनंतरही डाळ शिजत होती. फक्त पेटी जड होती. दिवसातून चार-पाचदा ती उचलून सरकवताना मायला धाप लागायची, आणि दादांना ते बघवत नसे. त्यातच पौषात गिरजाकाकूंची शेळी पेटीवर चढली, पेटी कलंडली, दोन्ही काचा फुटल्या. दादांनी हिंगोलीहून नवी काच आणली आणि जाहीर केलं, आता हिला पक्का ओटा बांधायचा. सिमेंटमध्ये पट्ट्या ठोकून पेटी बसवायची. शेळी आली काय आणि हत्ती आला काय, हलणार नाही, आणि सुमनला उचलायला लागणार नाही. सुमन म्हणजे माझी माय.

साहेबाकडून दादांना एवढं कळलं होतं की पेटी सपाट ठेवण्यापेक्षा सूर्याच्या बाजूला ढाळ देऊन ठेवावी. ढाळ देणं हे तर त्यांचं रोजचंच काम. प्रश्न एवढाच होता की ढाळ कोणत्या बाजूला, कारण ओटा एकदाच बांधायचा होता. आणि इथे माझे सातवी शिकलेले, भूगोलात कायम पहिले आलेले वडील अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि हिशेब मांडला. मला त्यातला शब्दन्‌शब्द आठवतो.

"परवा संक्रांत झाली का न्हाई? म्हंजे उत्तरायण लागलं. आता सहा महिने सूर्य उत्तरेला. मंग दक्षिणायन, सहा महिने दक्षिणेला. पर त्या सहातले चार तर पावसाचे, तवा पेटी घरातच. ऱ्हायले दोन. दोन महिन्यांसाठी कोन दक्षिणेला बांधून राह्यलं? उत्तरेलाच बांधू."

माय म्हणाली, "पर ऊन तर हिकडून येऊन राह्यलं वो अजून." आणि तिने दक्षिणेकडे हात केला.

"आजच निघालाय तो. येऊ दे की त्याला. चार-आठ दिवसांत येतो बराबर."

बोळातून गिरजाकाकू बघत होत्या. त्या म्हणाल्या, "बरं केलं दादाराव, दक्षिणेला न्हाई केलं. यमाची दिशा ती. चुलीचं तोंड तिकडं कोन करतंय."

दादा असे भडकले की विचारू नका. "ओ काकू, आमी दिशा पाळत न्हाई. बाबासाहेबाची लेकरं हाव आमी. सूर्य दक्षिणेला असता तर म्या छाती ठोकून दक्षिणेला बांधलं असतं. हे पंचांग न्हाई, भूगोल हाय, भूगोल!" आणि खरंच सांगते, तो ओटा दक्षिणेला तोंड करून बांधावा एवढी त्यांना त्या क्षणी खुमखुमी आली होती. पण भूगोल आडवा आला. त्यांनी दोरी लावली, दक्षिणेच्या बाजूला विटांचा एक थर जास्त घेतला, उत्तरेकडे सुरेख ढाळ काढला, पट्ट्या ठोकल्या, घोटून गिलावा केला, मागे सरून मान वाकडी केली. "बराबर."

मी पुढे आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त होऊन हिंगोलीत राहते, आणि हे लिहिताना अजून माझा हात थांबतो. उत्तरायण म्हणजे सूर्य उत्तरेला असणं नव्हे, उत्तरेकडे निघणं. पौषात तो दक्षिणेच्या टोकाला गेलेला असतो, तिथून तो फक्त वळतो. आमच्या डोक्यावर यायला त्याला वैशाख संपावा लागतो. आमच्या गावाच्या उत्तरेला तो खऱ्या अर्थाने जातो ते जेमतेम दोन महिने, आणि त्या दोन महिन्यांत ढग असतात. म्हणजे ज्या बाजूला दादांनी पेटी कायमची बांधली, त्या बाजूने तिला ऊन मिळणारच नव्हतं. एका शब्दाने माझ्या बापाला फसवलं, आणि तेही पाठ्यपुस्तकातल्या शब्दाने. आता आमच्या भागात शेताशेतात सोलर पंपाच्या काचा उभ्या आहेत, प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारख्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून, आणि ती दिशा दक्षिण. त्या बघितल्या की मी एसटीत खिडकीकडची जागा सोडून आत सरकते.

चार-आठ दिवसांत सूर्य आला नाही. दहा वाजता ठेवलेली डाळ उन्हं कलली तरी दातांखाली कचकच वाजायची. आणखी एक गंमत झाली, गंमत म्हणायची तर. झाकण आता दक्षिणेच्या बाजूला आलं होतं, त्यामुळे आरसा उघडून उभा केला की त्याचीच सावली काचेवर पडायची. मग तो पार मागे पाडून ठेवायचा. म्हणजे मायचा लग्नातला आरसा पाठ टेकून आकाश बघत पडलेला, आणि डाळ कच्ची. मायने एकदा म्हणून पाहिलं, "पेटी पयल्यासारखी खाली घ्या ना. म्या फिरवत जाईन." दादा म्हणाले, "अन् धाप लागल्यावर? तुझ्यासाठीच बांधलंय ना ते."

मग कारणं शोधणं सुरू झालं. आधी नव्या काचेला दोष दिला, ती जाड आहे म्हणून. मग डाळीला, जुनी आहे म्हणून. मग पाण्याला. पाणी जड आहे हे खरंच होतं, म्हणून माय ओढ्याच्या पलीकडच्या विहिरीचं गोडं पाणी आणायला लागली. मी शाळेतून यायच्या आत ती कळशी घेऊन जायची, आणि परत येताना बांधावर दोनदा बसायची. हे मला गिरजाकाकूंनी सांगितलं, तिने नाही. गोड्या पाण्यातली डाळ थोडी मऊ पडायची, पण शिजायची नाही. शेवटी दादा एक दिवस चिडून म्हणाले, "तू दहादा काच उघडून बघती, सुमन. वाफ जाती सगळी. शिजल कशी?" ते असं बोलणारे नव्हते. त्या दिवशी फाट्यावर कुणीतरी त्यांना "काय दादाराव, तुमची डाळ शिजली का न्हाई अजून?" असं दोन अर्थांनी विचारलं होतं, त्याचा राग होता. पण माय त्यानंतर काचेला हात लावेनाशी झाली. लांब लिंबाखाली बसून नुसती पेटीकडे बघायची. आणि माघ संपायच्या आत ती पुन्हा चुलीपुढे बसली. घरात पुन्हा फुंकणी, पुन्हा धूर, पुन्हा ती शिट्टी.

वैशाखात पेटीने पुन्हा डाळ शिजवली. शिजवणारच होती, सूर्य डोक्यावर आला होता. दादांना केवढा आनंद झाला! "बघ, म्हणलं व्हतं ना येतो म्हून! हिवाळ्यात उन्हाला दमच नसतो, त्याला कोन काय करल?" आणि हेच आमच्या घरातलं शास्त्र ठरलं. उन्हाळ्यात पेटी, हिवाळ्यात चूल. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाईट एवढंच की मायच्या छातीला चूल सोसत नव्हती ती नेमकी हिवाळ्यातच, खिडकी बंद असताना. उन्हाळ्यात ती थोडी सावरायची, एखादी नक्कल करायची, हिवाळ्यात पुन्हा बसायची. दर वर्षी सावरणं थोडं कमी, बसणं थोडं जास्त. मी नांदेडला कॉलेजात गेले तेव्हा नकला बंद झाल्या होत्या. मी सुट्टीला आले की ती माझ्याकडे बघून टाळी वाजवायची. एकच.

नांदेडला आमचे एक सर एके दिवशी फळ्यावर तिरकी रेघ काढून सांगत होते की तेवढाच प्रकाश तिरप्या पृष्ठभागावर पडला तर जास्त जागेत पसरतो आणि प्रत्येक ठिकाणी कमी पडतो. गवंड्याच्या मुलीला हे कळायला वेळ लागला नाही. डबाभर चुना छोट्या भिंतीला दिला तर दाट बसतो, मोठ्या भिंतीला पातळ, डबा तेवढाच. मग सरांनी वर्षभराचा सूर्य काढला, खालीवर सरकणारा, आणि आमच्या अक्षांशावर कलती काच ठेवली. मी वहीत आकृती उतरवत होते. काच उत्तरेकडे कलवली तर थंडीत काय होईल ते सरांनी विचारलं. मी उत्तर काढलं. दक्षिणेकडे कललेल्या काचेला रुपया मिळत असेल तर उत्तरेकडच्या काचेला आठ आणे. सपाट ठेवली तरी बारा आणे. नुसती जमिनीवर पडू दिली असती तरी. मी उत्तर बरोबर सांगितलं, सर शाबास म्हणाले, आणि मी खाली बसले ती पुढचं काही ऐकू न येता. माझ्या डोळ्यांपुढे बांधावर कळशी टेकवून बसलेली माय होती.

त्या शनिवारी मी घरी आले. कडाक्याची थंडी होती. माय अंगणात उन्हात बाजेवर पडलेली, दोन बोटांनी गोधडीचा काठ धरून, आणि श्वास असा की दर वेळी पोट खपाटीला जात होतं. सैपाकाला आता दूरची एक मावशी येऊन राहिली होती. पेटीत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी दादांना ओट्यापाशी नेलं, हातात ताटली काचेसारखी कलती धरली आणि मायला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं होतं ते भूगोल काढतील, वाद घालतील. मी वादाची तयारीच करून आले होते. त्यांनी एकदा ताटलीकडे पाहिलं, एकदा सूर्याकडे, आणि मग खाली, आपल्या स्वतःच्या सावलीकडे, जी भर दुपारी त्यांच्या पायापासून सरळ उत्तरेकडे पडली होती.

"म्हंजे निघाला व्हता," ते म्हणाले. "पोचला नव्हता."

"व्हय दादा."

ते घरात गेले आणि पहार घेऊन आले. कोंबडीला अंड्यांसकट टोपलीत ठेवलं, आणि तो ओटा त्यांनी फोडला. त्यांनी आपलं काम पाडलेलं मी आयुष्यात तेवढंच पाहिलं. काम इतकं पक्कं होतं की घाम निथळला तरी पट्ट्या सुटेनात. प्रत्येक घावाला माय बाजेवरून बघत होती. काय चाललंय हे तिने विचारलं नाही. गिरजाकाकू बोळात आल्या आणि दादांचं तोंड बघून परत गेल्या. संध्याकाळपर्यंत दादांनी नुसत्या सुट्या विटांवर पेटी मांडली, काचा राखेने घासल्या, आरसा पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड दक्षिणेला, झाकण उत्तरेला उभं, आणि आरशातली तिरीप बरोबर डब्यावर. डाळ आमच्याच बोअरच्या जड पाण्यातली. सारी सकाळ दादा पेटीजवळून हलले नाहीत, कामावरही गेले नाहीत.

उन्हं कलायच्या आत डबा बाहेर काढला. दादांनी वाटीत डाळ घेतली आणि मायपाशी जाऊन बसले. तिने एक दाणा चिमटीत धरला, चिरडला, जिभेवर ठेवला. मला आशा होती की ती काहीतरी गंमत करेल. खोटं कशाला बोलू, मी दोन दिवस त्या एका गमतीसाठी थांबले होते.

"शिजली की वो," ती म्हणाली. मग थांबून, श्वास जमवून, "मंग तवा काहून शिजत नव्हती?"

मी दादांकडे पाहिलं. सांगू नका, असं मला ओरडावंसं वाटत होतं, आणि सांगा, असंही. ते वाटीकडे बघत म्हणाले, "तवा म्या तोंड उलटं बांधलं व्हतं, सुमन. ऊन हिकडं अन् पेटी तिकडं. नुस्ती फिरवायची व्हती. सगळी माझी चूक व्हती."

मला वाटलं ती रागवेल, निदान रडेल. तिला राग येण्याचा हक्क होता, आणि तिच्या जागी मी असते तर वाटी भिरकावली असती. पण माय दादांकडे बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आजवर सोसवत नाही, कारण ती सुटका होती. तिने दोनदा श्वास घेतला आणि विचारलं,

"म्हंजे माझा हात वाईट न्हाई?"

दादांनी मान हलवली. मी तिचा हात हातात घेतला आणि न्हाई माय, न्हाई, असं काहीतरी म्हणत राहिले. त्या हिवाळ्यात ती लिंबाखाली बसून पेटीकडे बघत होती, आणि डाळ कच्ची निघाली की तिने स्वतःला काय काय लावून घेतलं असेल, त्यात माझ्या आधीची ती दोन लेकरंही असतील का, हे मला तिला विचारायचं होतं. पण उत्तर द्यायला दम लागतो, आणि तेवढा तिच्यात उरला नव्हता. होळीच्या आत माय गेली.